चिमणी पडण्याआधी

वऱ्हाडात कॅमेरा आला तो देवळांसाठी आणि लेण्यांसाठी. शेजारच्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात रॉबर्ट गिल यांनी उमेदीची वर्षे घातली. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि उरली ती त्यांनी कॅमेऱ्याने टिपलेली कृष्णधवल लेणी. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला अपूर्व भाव आणला, १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा पोहोचला आणि पुढे गावोगाव जिन-प्रेस उभ्या राहिल्या. पण पुरातन तेवढेच जतन करायचे या समजुतीपायी सरकी वेगळी करणारी, गाठी बांधणारी ती शेड कुणाला नोंदवण्याजोगी वाटली नाही.

युरोपातही हीच चूक झाली होती. ती ओळखून जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या एकाच शिस्तीने कृष्णधवल फिल्मवर टिपल्या: समोरून, ढगाळ आभाळाखाली, सावली पडू न देता. अशा उजेडात विटेचा सांधा, पत्र्यावरचा गंज, नंतर बुजवलेली खिडकी सगळे सारखेच स्पष्ट वाचता येते. आपला श्रावण हा उजेड फुकट देतो.

आपल्याकडे मात्र कॅमेरा उद्घाटनाला येतो आणि एकदम मोडतोडीला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ते २००२ चालली. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावली. दोन्ही रोजच्या होत्या तोवर नजरेआड राहिल्या. आता पडक्या जिनाचा काळापांढरा फोटो काढून हळहळणे सोपे झाले आहे, आणि मला ते खटकते, कारण अशा फोटोत छपराला चिकटलेला कापूस दिसतो, पण तिथे कोणते यंत्र होते, बाया कुठे बसत, पाळी कधी सुटे, यातले काहीच कळत नाही.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि वऱ्हाडातले शेलूबाजार त्या वाटेवर आले. शिवारात कापसाची जागा सोयाबीनने आधीच घेतली होती. जमिनीचा भाव चढला की जुनी शेड आधी पडते, हे मुंबईच्या गिरणगावाने १९८२ च्या संपानंतर पाहिले आहे. म्हणून परिसरातल्या चालू दालमिल, बाजार समितीच्या शेड, उभ्या असलेल्या जिनांच्या चिमण्या आत्ताच टिपाव्यात, कामगारांसकट, आणि प्रत्येक फोटोमागे तारीख, गाव, यंत्र आणि त्यावर काम करणाऱ्याचे नाव लिहावे.