विश्लेषण : ६० लाखांची स्पोर्ट्स कूपे तिसऱ्या हिश्श्यात, पण ती नेमकी किती स्वस्त?

नव्या मध्यम एसयूव्हीचे टॉप मॉडेल घ्यायला जेवढे पैसे लागतात, साधारण तेवढ्याच पैशांत दहा वर्षे जुनी, दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कूपे मिळू शकते. सेकंड हँड गाड्यांच्या ॲपवर स्क्रोल करणारे पुण्या-मुंबईतले अनेक पगारदार तरुण इथेच थबकतात. ‘एवढ्यात ऑडी?’ हा प्रश्न पडतो आणि बोट आपोआप ‘ईएमआय’च्या बटणाकडे जाते.

मत आधीच स्पष्ट केलेले बरे. अशी गाडी घेणे हा वेडेपणा नाही. मात्र ती कर्ज काढून घेऊ नये, आणि ती घेताना बहुतेक जण चुकीच्या गोष्टीला घाबरतात.

किंमत घसरते, सुटे भाग नाही

ऑडी टीटीचे उदाहरण घेऊ. १९९८ मध्ये आलेल्या या कूपेचे उत्पादन २०२३ मध्ये थांबले. तिची तिसरी पिढी भारतात २०१५ मध्ये आली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती सुमारे ६० लाख रुपये. गाडी हंगेरीत बनून थेट आयात व्हायची. आज तिचा भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला असेल, पण तिचा हेडलॅम्प, बंपर, दरवाजा हे सगळे अजूनही ६० लाखांच्या गाडीचे भाग आहेत. गाडीचा घसारा होतो, सुट्या भागांच्या दरपत्रकाचा होत नाही. म्हणून गाडी २० लाखांची असली, तरी तिला सांभाळण्याचा खर्च ६० लाखांच्या गाडीचा असतो.

इंजिनाला घाबरायचे का?

इथे सर्वाधिक गैरसमज आहेत. टीटीचे २ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन २३० पीएस ताकदीचे. त्याच घराण्यातले २ लिटर, २३० पीएसचे इंजिन आणि सहा गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स स्कोडाने २०१७ मध्ये भारतात आणलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्येही होता. दोन्ही गाड्यांचा सांगाडाही फोक्सवॅगन समूहाच्या एकाच प्लॅटफॉर्मवरचा. म्हणजे या कूपेच्या बॉनेटखाली जे आहे, ते समजणारे मेकॅनिक आणि त्यातले बरेच भाग आपल्याकडे सापडतात.

‘डीएसजी’ म्हटले की आपल्याकडे लोक कानाला हात लावतात. ती बदनामी प्रामुख्याने सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची. टीटीमधला सहा गिअरचा असून त्याचे क्लच तेलात बुडलेले असतात. उष्णता तेल वाहून नेते, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये तो तुलनेने बरा टिकतो. अट एकच : साधारण दर ६० हजार किलोमीटरला ते तेल बदललेले हवे. त्याचे बिल मागा. ‘ऑथोराइज्ड सर्व्हिस झाली आहे’ हे तोंडी उत्तर म्हणजे बिल नव्हे.

या इंजिनाचा खरा कमकुवत दुवा तुलनेने किरकोळ आहे : वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचे प्लास्टिकचे घर. तिथून कूलंट गळतो. लक्ष दिले नाही तर इंजिन तापते आणि किरकोळ काम मोठे होते. त्याआधीच्या पिढीची टीटी बघत असाल, तर टायमिंग चेनच्या टेन्शनरबद्दल विचारा.

माझ्या दृष्टीने हा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. कूपे निवडताना तिचा एखादा साधा भाऊ भारतात विकला गेला आहे का, ते पाहावे. फोर्ड मस्टँगचा ५ लिटर व्ही८ ऐकायला कितीही सुंदर असला, तरी त्याचा भाऊ आपल्या रस्त्यावर नाही. शिवाय फोर्डने भारतातले गाड्यांचे उत्पादन बंद करत असल्याचे २०२१ मध्येच जाहीर केले. तो आवाज महाग पडतो.

विम्यातली मेख

इंजिनापेक्षा जास्त घाबरावे ते विम्याला, आणि याबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. हप्ता कमी यावा म्हणून लोक ते कमी ठेवतात. समजा, ते १५ लाख आहे. दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे सव्वाअकरा लाखांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. आता हिशेब जुळवा. भागांची किंमत नव्या गाडीची, विमामूल्य जुन्या गाडीचे. एअरबॅग उघडल्या, दोन्ही हेडलॅम्प, बंपर आणि रेडिएटर गेला की तो आकडा फार लांब राहत नाही. समोरून बसलेली एक मध्यम धडक चालण्याजोगी गाडी भंगारात काढू शकते.

‘झिरो डेप’ कव्हर एवढ्या जुन्या गाडीला मिळणे अवघड. ते नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या पत्र्याचेही तसेच. आरसी तुमच्या नावावर झाली, पण पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. मालकाचा नो क्लेम बोनस मात्र त्याच्याकडेच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही.

दिल्लीची गाडी स्वस्त का?

दिल्लीत १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंधांची टांगती तलवार राहिली आहे. त्यामुळे तिथल्या जुन्या गाड्या कमी भावात बाहेर येतात. पण ती महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एमएच नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रस्ता कर. आयात गाड्यांसाठी महाराष्ट्रातला दर २० टक्के आहे. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, पण मोजणी मूळ किमतीवरून होते, तुम्ही घासाघीस करून ठरवलेल्या किमतीवरून नाही. दिल्लीत वाचलेले दोन लाख इथे आरटीओत निघून जाऊ शकतात. शक्यतो एमएच पासिंगचीच गाडी बघा. आणि २०१५ च्या गाडीची नोंदणी २०३० मध्ये संपते, हेही भाव करताना लक्षात असू द्या.

बघायला जाताना

सकाळी, न कळवलेल्या वेळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. ते गरम असेल तर कोणीतरी इंजिन आधीच सुरू करून ठेवले आहे. गार इंजिनाचा पहिल्या काही सेकंदांचा खडखडाट ऐकायलाच तर तुम्ही आलेले असता.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. मुळाशी चिखलाचा डाग दिसला तर गाडी पाण्यात गेलेली आहे. कूपे जमिनीलगत असते, पाणी तिच्यात सगळ्यात आधी शिरते. टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी असे रबर कडक झालेले असते. २४५/४० मापाच्या टायरची भिंत जेमतेम ९८ मिलिमीटर उंच असते. आपल्या खड्ड्यांत आधी तीच फुटते, मग अलॉय. चारही चाके आतल्या बाजूने तपासा.

पेट्रोलचेही बघा. ही गाडी ई२० इंधन येण्याच्या बऱ्याच आधीची आहे. ती किती टक्के इथेनॉलसाठी बनली आहे, हे मॅन्युअलमध्ये वाचा आणि इंधनाचे पाइप व सील बदलण्याचा खर्च बजेटमध्ये धरा.

वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा आणि ई-चलने तपासून झाली की शेवटी गाडी स्वतंत्र वर्कशॉपमध्ये स्कॅनरला लावा. मीटर मागे फिरवला तरी अनेकदा इतर कंट्रोल युनिटमध्ये जुने किलोमीटर शिल्लक असतात. विक्रेता स्कॅनला नकार देत असेल तर टोकन देऊ नका. आणि सगळे नीट निघाले, तरी खरेदीच्या किमतीच्या किमान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बँकेत वेगळा ठेवा. तो जमत नसेल, तर ऑक्टाव्हिया आरएस बघा. तिला चार दारे आहेत आणि बंपर बराच स्वस्त पडतो.