एका सामन्याचे उस्ताद

उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की काठच्या गावांतील मुले उघड्या पडलेल्या जमिनीवर क्रिकेट मांडतात. संघात निवड झाली नाही की काहींची बॅट माळ्यावर जाते. अशा मुलांना आम्ही रमाकांत आचरेकरांविषयी सांगतो. मालवणला १९३२ साली जन्मलेले आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, १९६३-६४ च्या हंगामात मोइनुद्दौला स्पर्धेत. मग शिवाजी पार्कवर शिकवू लागले. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत; सचिन नाबाद राहिला तर ते त्याचे, नाहीतर बाद करणाऱ्या गोलंदाजाचे. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपल्याला जे लाभले नाही ते दुसऱ्याच्या लेकराला देणे, हीही मोठी खेळी. पालकहो, गावात असा जुना खेळाडू असेल तर मुलांना त्याच्याकडे पाठवा, मुलींनाही.