इन्सुलिनही अंगी लागावं लागतं

पंचविशीतल्या मधुमेही पोराची साखर वाढली की आपल्या घरात उलटतपासणी सुरू होते. मिसळ खाल्लीस? लग्नात जिलेबी घेतलीस? इन्सुलिन चुकवलंस? ‘काल किती वाजता झोपलास?’ हा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. कुणी विचारलाच, तर ‘साखर तोंडातून जाते, तिथं झोपेचा काय संबंध?’ असं म्हणून तो उडवून लावला जातो. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत तरुण मुलं मोजत आहेत.

संबंध आहे, आणि तो मोजला गेला आहे. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री जेमतेम ४ तास झोपू दिलं. त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह नसतानाही त्या तरुणांच्या शरीराची साखर पचवण्याची ताकद घटली होती. २०१० साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी टाइप १ मधुमेहाच्या ७ रुग्णांबद्दल असंच दाखवून दिलं. एकाच रात्रीची झोप ४ तासांवर आली आणि शरीर इन्सुलिनला कमी दाद देऊ लागलं. हे प्रयोग लहान आहेत, हे मान्य. पण त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. झोप तुटली की शरीर ताणात राहतं, संध्याकाळी उतरायला हवं ते कॉर्टिसॉल नीट उतरत नाही, भूक वाढते आणि ती गोडाकडे, पिष्टमय पदार्थांकडे ओढते. म्हणून जेवण तेच, डोस तोच, तरी मीटरवरचा आकडा वेगळा येऊ शकतो. ‘मी काहीच वावगं खाल्लं नाही’ असं पोरगा सांगतो, तेव्हा तो खरं बोलत असण्याची शक्यता आपण धरतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साखर बिघडल्यामुळेच झोप मोडते, तुम्ही परिणामाला कारण म्हणता, असं काही जण म्हणतात. यात अर्धं सत्य आहे. साखर चढली की रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागतं. उतरली की घामानं डबडबून जाग येते, आणि ती उतरेल या धास्तीनंही डोळा लागत नाही. पण यातून झोपेचं महत्त्व वाढतंच. रहाट दोन्ही बाजूंनी फिरत असेल, तर त्याला दोन्ही बाजूंनी हात घालावा लागतो.

तिसरा आक्षेप पोरांचाच असतो : वय आहे, जागू की, रविवारी भरून काढू. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापुरात युरोपातला सामना मध्यरात्रीनंतर बघणं नवं नाही. पण रविवारी दुपारपर्यंत ताणून दिली की नाश्ता सरकतो, इन्सुलिनची वेळ सरकते आणि सोमवारी पुन्हा ओढाताण होते. झोपेचे तास हवेत, तशी तिची ठरलेली वेळही हवी.

चौथा आक्षेप मला अस्वस्थ करतो : झोप परवडते कुणाला? इचलकरंजीत यंत्रमागावर रातपाळी आहे, शिरोलीच्या फाउंड्रीत आहे. वीज रात्रीची असली की उसाला पाणी पाजायला रात्रीच जावं लागतं. शेतीला दिवसा १० तास वीज द्या, म्हणून शेतकरी नेते राजू शेट्टींनी फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरातच धरणं धरलं होतं. रात्रीच्या पाण्याचा विषय निघाला की आपल्याला साप, विंचू, गवे आठवतात. त्या यादीत मधुमेही पोराची साखरही हवी. झोप परवडत नाही म्हणून तिचं महत्त्व कमी होत नाही. उलट, ती मिळवून देण्याची जबाबदारी त्याच्या एकट्यावर राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते, आणि मधुमेही तरुणासाठी ती उपचाराचा भाग आहे. ती इन्सुलिनची जागा घेणार नाही, पण तिच्यावाचून इन्सुलिनचं काम अवघड होतं. डॉक्टरांनी साखरेच्या नोंदीसोबत झोपेची वेळही विचारावी. रातपाळी असेल तर पाळ्यांचा तक्ता त्यांना दाखवून डोस आणि जेवणाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. मनानं डोस बदलू नये. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडणं असेल तर तेही सांगावं. मालकानं अशा कामगाराची पाळी दर आठवड्याला फिरवू नये. आणि रातपाळी करून आलेला पोरगा सकाळी झोपला, तर घरच्यांनी त्याला ऊठसूट हाका मारू नयेत.

कोल्हापूरला हे बाहेरून शिकण्याची गरज नाही. आपल्या तालमींत पहाटेची मेहनत असते, खुराक असतो आणि दुपारची झोपही असते. झोपलेल्या पैलवानाला वस्ताद आळशी म्हणत नाही. विश्रांतीशिवाय खुराक अंगी लागत नाही, हे त्याला ठाऊक असतं. इन्सुलिनचंही तसंच आहे.