कॅपचा निर्णय रेटकार्डावर नको

‘रूट कॅनल आणि कॅप’ असा एकच आकडा लिहिलेला फलक आता तालुक्याच्या गावातही दिसतो. रुग्णाला हिशोब सोपा जातो, आपल्यालाही. पण त्या आकड्यात दात उघडण्याआधीच, त्याच्या किती भिंती शिल्लक आहेत हे न पाहताच, कॅप ठरून गेलेली असते. दुसरीकडे, ठणका थांबला की ‘आता कॅप कशाला, डॉक्टर?’ म्हणत गेलेला रुग्ण पुन्हा येतो तो उभी चिरलेली दाढ घेऊन. एकाला नको असताना कॅप बसते, दुसऱ्याला हवी असताना राहून जाते. कॅप नेमकी कशासाठी, हे दोघांनाही कोणी नीट सांगितलेले नसते.

आपण काय सांगतो? ‘नस काढलेला दात ठिसूळ होतो.’ कॉलेजात ऐकलेले हे वाक्य खुर्चीशेजारी उभे राहून आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. सेजली आणि मेसर यांनी १९९२ मध्ये रूट कॅनल झालेले दात आणि त्याच तोंडातले दुसऱ्या बाजूचे जिवंत जोडीदार दात यांची तुलना केली, तेव्हा डेंटिन ठिसूळ झाल्याचा पुरावा काही मिळाला नाही. जिवंत डेंटिन थोडे अधिक कठीण निघाले, तेही साडेतीन टक्क्यांनी. मग दाढ फुटते कशाने? रीह, मेसर आणि डग्लस यांच्या १९८९ च्या प्रयोगात उत्तर आहे. नुसत्या ॲक्सेस कॅव्हिटीने दाताचा ताठपणा पाचेक टक्क्यांनी घटला. ऑक्लुजल कॅव्हिटीने सुमारे वीस टक्क्यांनी. दोन्ही मार्जिनल रिज गेलेल्या एमओडी कॅव्हिटीने मात्र त्रेसष्ट टक्क्यांनी. टोपलीचा काठ निघाला की कामट्या बाहेर पसरतात, तसे रिज गेल्यावर कस्प पसरतात. म्हणजे दाढेचे नुकसान आपल्या फाइलींनी जेवढे केले, त्याहून कितीतरी जास्त किडीने आणि जुन्या फिलिंगने आधीच करून ठेवलेले असते.

एवढे लक्षात घेतले तर पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात. पुढचा दात, दोन्ही रिज शाबूत, मागून छोटासा ॲक्सेस: त्याला कंपोझिट पुरते. सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी १९८४ मध्ये १२७३ दातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कॅपमुळे पुढच्या दातांच्या यशात फरक दिसला नाही. प्रीमोलर आणि मोलरमध्ये तो ठळक होता. दात काळवंडला असेल तर आधी आतून ब्लीचिंगचा विचार व्हावा. पूर्ण क्राऊनसाठी आपण दाताच्या वरच्या भागाचे वजनाने सुमारे दोन तृतीयांश द्रव्य घासून टाकतो. धडधाकट कृंतकावर हे करणे हा उपचार नव्हे.

दाढांचे तसे नाही. नागासिरी आणि चितमोंगकोलसुक यांनी २००५ मध्ये कॅप न बसवलेल्या मोलरचा हिशोब मांडला: वर्षभर ९६ टक्के टिकल्या, दोन वर्षे ८८ टक्के, पाच वर्षे फक्त ३६ टक्के. हा शेवटचा आकडा परिषदांमध्ये हमखास पडद्यावर येतो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सहसा येत नाही: ज्या दाढांचे द्रव्य बहुतांश शाबूत होते, त्यातल्या ७८ टक्के पाच वर्षे टिकल्या. पुराव्याच्या मर्यादाही कबूल केल्या पाहिजेत. यातले बहुतेक अभ्यास जुन्या नोंदींवर बेतलेले आहेत, आणि ज्या दाताची आशा कमी त्याला कॅपच बसत नाही, ही खोट त्यात राहतेच. मानोची यांच्या २००२ च्या चाचणीत ११७ प्रीमोलरमध्ये तीन वर्षांपर्यंत फायबर पोस्ट व कंपोझिट आणि त्यावर क्राऊन यांत फरक दिसला नाही. तीन वर्षे हा दाताच्या आयुष्यात फार मोठा काळ नाही, हेही खरे.

आमचे मत असे: मागच्या दाताची एक जरी रिज गेली असेल तर कस्प झाकलेच पाहिजेत. झाकायचे ते क्राऊननेच, असे मात्र नाही. ऑनले चालते. भिंती जाड असतील तर कस्प दोनेक मिलिमीटर उतरवून त्यावर थेट कंपोझिट चढवता येते, आणि कॅपचे पैसे आज नसलेल्या रुग्णाची दाढ त्यावर निभावते. दोन्ही रिज शाबूत, चीर नाही, दात खाण्याची सवय नाही, अशी दाढ चांगल्या कंपोझिटवर ठेवायला हरकत नसावी. फक्त सुपारी खाणाऱ्याला ही सवलत नाही. वरच्या प्रीमोलरबाबत जरा सावध राहावे, कारण त्याचे कस्प उंच आणि मान अरुंद. आणि चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर फेरूल मिळतच नसेल, तर झिर्कोनियाची कॅपही तो दात वाचवणार नाही. हे रूट कॅनल सुरू करण्यापूर्वी पाहायचे असते. सगळी कीड आणि जुने फिलिंग काढल्याशिवाय ते दिसत नाही, हेही ओघाने आलेच.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि चूक इथेच सर्वांत जास्त होते. ऑब्च्युरेशन झाले, वर तात्पुरते सिमेंट, ‘पुढच्या महिन्यात या’. ते सिमेंट झिजते, लाळ आत शिरते आणि नीट भरलेले कॅनलही पुन्हा दूषित होतात. २०१६ मध्ये प्रॅट आणि सहकाऱ्यांना असे दिसले, की चार महिन्यांनंतर क्राऊन बसलेले दात काढावे लागण्याची शक्यता आधी बसलेल्यांच्या जवळपास तिप्पट होती. शक्य तेथे ऑब्च्युरेशनच्याच भेटीत कोअर भरावा आणि धोक्याचे कस्प चाव्यातून उतरवावेत. रुग्ण परत आलाच नाही, तरी दाढेला थोडी संधी राहते.

फलक बदलणे प्रत्येकाच्या हातात आहे. रूट कॅनलचा दर वेगळा लिहा, वरच्या बांधणीचा वेगळा. केसपेपरवर पहिल्याच दिवशी किती भिंती आणि कोणत्या रिज शिल्लक आहेत याची नोंद करा, आरशात रुग्णाला त्या दाखवा आणि कॅप लागणार की नाही, लागली तर कधीपर्यंत, हे त्याच कागदावर मराठीत लिहून त्याच्या हाती द्या.