राखून ठेवलेला डाव

या वर्षी आम्ही द्वितीय वर्षात आलो आणि एका रात्रीत सीनियर झालो. परवापर्यंत ज्यांना लायब्ररीचे कार्ड कोठे मिळते हे ठाऊक नव्हते, तेच एफ. वाय. च्या मुलांना रुबाबात वर्ग दाखवू लागले. त्यांत मीही होतो, हे प्रांजळपणे कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा कोणी ‘सीनियर’ म्हटले की छाती थोडी फुगतेच. पण नुसते एक वर्ष उलटले म्हणून माणूस सीनियर होतो काय?

गणपतीत हाच प्रश्न आमच्या सोप्यात निघाला. गल्लीतील एक दादा पुण्याला हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पाच वर्षांच्या नोकरीनंतर तो ‘सीनियर सॉफ्टवेअर डेव्हलपर’ झाला, म्हणून पेढे घेऊन आला होता. माझे वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत सत्तावीस वर्षे मोल्डर आहेत. पेढा हातात धरून त्यांनी सरळ विचारले, “सीनियर म्हंजे नेमकं काय करायचं रे आता?”

दादा हसला. “काका, आता कोड कमी लिहायचा आणि बोलणी जास्त खायची.”

मग त्याने एक हकिकत सांगितली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याच्या हातून चालू कामातल्या नोंदी पुसल्या गेल्या. आज्ञेत एक अट लिहायची राहिली, आणि शंभरएक नोंदी जायच्या त्या जागी अख्खा तक्ताच रिकामा झाला. रात्रीचे अकरा वाजले होते. त्याचे सीनियर धावत आले. ‘कोणी केले?’ असे त्यांनी विचारलेच नाही. ‘शेवटचा बॅकअप कधीचा?’ एवढेच विचारले. पहाटेपर्यंत बसून दोघांनी नोंदी परत आणल्या. दुसऱ्या दिवशी अहवालात त्या गृहस्थांनी लिहिले, की नव्या मुलाला एकट्याने चालू नोंदी पुसता येतात हा आमच्या व्यवस्थेचा दोष आहे. “सीनियर कशाला म्हणतात ते मला त्या रात्री कळलं,” दादा म्हणाला, “पद मिळायला पुढं चार वर्षं गेली.”

वडिलांनी मान डोलावली. त्यांच्याकडेही नव्या पोराच्या हातून जॉब वाया जातात. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले, की ओतताना वाफ धरते आणि जॉबमध्ये आत भोके पडतात. वाळू मुठीत दाबायची, मोडायची, मोडलेली कड धारदार राहिली तर ओल बरोबर. ही ओल आता यंत्रावरही मोजता येते. तरीही आलेल्या हेल्परला वडील आधी मूठच दाबायला लावतात. त्यांच्या ओळखपत्रावर हुद्दा आहे, ‘कामगार’.

आपले कोल्हापूर तालमींचे गाव. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो, असे आपण लहानपणापासून कौतुकाने ऐकत आलो. मला मात्र हल्ली ही गोष्ट खटकू लागली आहे. राखून ठेवणारा माणूस जुना असेल, हुशारही असेल. त्याला मी सीनियर म्हणणार नाही. जुने होण्यात कर्तृत्व कसले? तेवढे आमच्या हॉस्टेलच्या पंख्यालाही जमले आहे.

याच गावातील उदाहरण घ्या. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्या पेंटर बंधूंना, आनंदराव आणि बाबूरावांना, सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास लागला. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही. शिष्य दामले यांना हाताशी घेऊन 1918 साली कॅमेरा चालता केला. त्यावर 1920 चा ‘सैरंध्री’ निघाला. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री, हे मला विशेष वाटते. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पोरे पडेल ते काम करीत शिकली. 1927 साली त्यांनी ‘नेताजी पालकर’ शांताराम या शिष्याच्या हाती दिला, तर पुढच्याच वर्षी ‘महारथी कर्ण’ दामले-फत्तेलालांनी केला. सगळे डाव देऊन टाकले!

आणि 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे चौघे बाहेर पडले व याच कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी राहिली. गुरूची कंपनी पुढे फार काळ टिकली नाही. कोणी म्हणेल, पाहा, एक डाव राखायला हवा होता. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. शिकवण्याची किंमत पडते, आणि ती शिकवणाऱ्यालाच पडते. परंतु दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’चा 1937 साली व्हेनिसला गौरव झाला. तो सिनेमा करणारे हात बाबूरावांच्या कारखान्यात घडले होते. डाव राखला असता तर कंपनी कदाचित वाचली असती, तो सिनेमा मात्र झाला असता काय?

हे सारे मी त्या दिवशी दादापुढे बोललो. पेढे खाऊन माणूस जरा बोलतोच. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “शिकवायची माझी तयारी आहे रे. पण आमच्या टीममध्ये यंदा नवा पोरगाच घेतला नाही. त्यांनी करायचं किरकोळ काम आता एआय करतं.”

“मग दहा वर्षांनी सीनियर आणणार कोठून?” मी विचारले.

दादाजवळ उत्तर नव्हते. वडीलच बोलले. “आमच्याकडं तरी कुठं हाईत? भट्टीवर गावची पोरं येत न्हाईत. लांबून आलेल्या पोरांना शिकवतोय.” थोडे थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, “मीबी आपल्या पोराला न्हेलं न्हाई.”

मूठ दाबायची ती रीत मी त्यांच्या एका हेल्परच्या तोंडून ऐकली आहे. मला त्यांनी आजवर फौंड्रीच्या दारापर्यंतसुद्धा येऊ दिलेले नाही.