विक्रमानंतरचा पावसाळा

३ जून २०२२ च्या सकाळी अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात डांबरीकरणाचे एक काम सुरू झाले आणि ७ जूनच्या सायंकाळी ते थांबले. मधल्या १०५ तास ३३ मिनिटांत एकपदरी ७५ किलोमीटर लांबीचा सलग डांबरी थर अंथरला गेला. सल्लागारांच्या पथकासह ७२० जण दिवसरात्र राबले, ३६,६३४ टन मिश्रण वापरले गेले आणि त्यातले डांबर २,०७० टन होते. कतारमधील दोहा येथे २०१९ साली १० दिवसांत झालेला सुमारे २५ किलोमीटरचा विक्रम मोडला गेला आणि पूर्वी क्रमांक ६ व आता क्रमांक ५३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या राष्ट्रीय महामार्गाची नोंद गिनीज बुकात झाली. वर्षानुवर्षे रखडलेल्या या रस्त्याने वऱ्हाडी माणसाला पुरेसे पिडले होते. त्यामुळे झालेला आनंद स्वाभाविक होता आणि त्या श्रमिकांचे व अभियंत्यांचे कौतुकही रास्तच होते.

या विक्रमाची वेळ मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. काम संपले ७ जूनला, म्हणजे मृग नक्षत्र लागण्याच्या अगदी तोंडावर. वऱ्हाडातला शेतकरी ही तारीख जन्मभर विसरत नाही. मृगाआधी वखरणी उरकली नाही तर पुढचा हंगाम हातचा जातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. जे शेताला लागू आहे, तेच रस्त्यालाही लागू आहे. तथापि आपल्या नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा रस्त्याचा हंगाम पाळतात काय, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो.

डांबराला ऋतू का लागतो, हे समजून घेणे अवघड नाही. खडी आणि डांबर यांचे मिश्रण दीडशे अंशांच्या वर तापवून तयार केले जाते आणि ते साधारण नव्वद अंशांपर्यंत निवण्यापूर्वी रोलरची दाबाई पूर्ण व्हावी लागते. त्यावर पावसाची एक सर आली की मिश्रण अकाली थंड होते, दाबाई अपुरी राहते आणि थरात सूक्ष्म पोकळ्या उरतात. ओल्या खडीला डांबर धरत नाही. पुढे याच पोकळ्यांतून पाणी आत शिरते, वरून मालमोटारीचे चाक गेले की ते दाबाने खडीवरचे डांबर सोडवते आणि खड्डा पडतो. वऱ्हाडात याला काळ्या मातीची जोड आहे. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी ही जमीन कपाशीला वरदान असली, तरी रस्त्याच्या पायाला शापच आहे. उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपार जातो तेव्हा डांबरी पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे तापतो, मऊ पडतो आणि अवजड वाहनांच्या चाकोऱ्या त्यात उमटतात. म्हणूनच येथे अधिक घट्ट प्रतीचे डांबर वापरावे लागते.

या सर्वांचा निष्कर्ष एवढाच, की आपल्याकडे डांबरीकरणाचा खरा हंगाम पाऊस ओसरून जमीन वाळल्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा आहे. त्यातही डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा टाळून ऊन चढल्यावर काम हाती घ्यावे. प्रत्यक्षात काय घडते? अर्थसंकल्प मार्चचा, मंजुऱ्या पावसाळ्यात, निविदा दिवाळीनंतर आणि कार्यादेश निघेतो फेब्रुवारी उजाडतो. मग मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून धावपळ होते आणि उरलेले काम आभाळ भरून आल्यावर उरकले जाते. डांबर आणि खडी तीच असतात, यंत्रेही तीच असतात. पण हंगाम चुकलेला असतो. दोन महिन्यांत उखडलेल्या अशा रस्त्याबद्दल केवळ ठेकेदाराला बोल लावून भागणार नाही. सर्वेक्षण, अंदाजपत्रक आणि निविदा ही कामे पावसाळ्यातच आटोपून दसऱ्याला कार्यादेश हाती पडेल, अशी शिस्त प्रशासनाला लावून घेता येणार नाही काय?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. रस्ता झाला, फीत कापली, छायाचित्र निघाले, पुढे काय? डांबर ऊन-वाऱ्याने कालांतराने कडक होते आणि त्याला बारीक तडे जातात. ते वेळीच भरले तर खर्च किरकोळ येतो. दुर्लक्ष केले तर पाणी पायापर्यंत पोहोचते आणि संपूर्ण रस्ता नव्याने करावा लागतो. मृगाआधी तडे बुजवणे, नाल्या उपसणे आणि बाजूपट्टीवर साचलेली माती काढून पाण्याला वाट देणे. पावसाळ्यात खड्डा चौकोनी कापून, पाणी काढून, इमल्शनच्या थंड मिश्रणाने तो भरणे. पाऊस सरल्यावर पुन्हा पाहणी करणे आणि साधारण चार-पाच वर्षांनी पृष्ठभागाचे नूतनीकरण करणे, एवढाच हा नित्यक्रम आहे. खड्ड्यात मुरूम लोटून मोकळे होणे ही देखभाल नव्हे, ती देखभालीची थट्टा आहे. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकण्यात आली. खेड्यातल्या रस्त्याला जे संरक्षण मिळते, ते शहरातल्या प्रत्येक रस्त्याला का मिळू नये?

हा केवळ सोयीचा विषय नाही. सुस्थितीतील रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले. खड्ड्यामुळे जीव गेल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. परंतु दुचाकीवरून शाळेला निघालेला घरचा मुलगा परत आला नाही, तर ती भरपाई कोणत्या आईच्या कामाची?

शासनाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, हेही विसरून चालणार नाही. नळजोडणीसाठी नवा रस्ता फोडून चर तसाच कोण सोडतो? अंगणाचा उतार वाढवून नाली कोण बुजवतो? सांडपाणी रस्त्यावर कोण सोडतो? भर पावसाळ्यात, उत्सवाच्या मांडवासाठी पहारीने डांबरात भोके पाडून विसर्जनानंतर ती उघडीच कोण ठेवतो? त्या प्रत्येक भोकातून पाणी पायात मुरते. मांडवाचे खांब वाळूने भरलेल्या पिंपांत उभे करण्यास मंडळाला फार खर्च येत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी याचा पायंडा स्वतःच्या मंडळापासून पाडावा आणि मृगापूर्वीच्या एका रविवारी आपल्या गल्लीतील नाली उपसावी.

ज्या मूर्तिजापूर तालुक्यात हा विक्रमी टप्पा माना गावी संपला, त्याच तालुक्यातील दापुऱ्यात गाडगेबाबांचे बालपण गेले. बाबा गावात आले की हाती खराटा घेत आणि रस्ते-नाल्या झाडून काढत. कीर्तन त्यानंतर होई. रोज नव्याने साचणारी घाण रोज झाडावी लागते, हे त्यांनी बोलण्याआधी करून दाखवले. त्यांच्या भूमीत रस्त्याची निगा हा दुय्यम विषय ठरावा, यासारखे दुर्दैव नाही.

पाच दिवसांत पंचाहत्तर किलोमीटरचा विक्रम वऱ्हाडच्या भूमीवर घडला. पंधरा पावसाळे एकही जीवघेणा खड्डा न पडू देण्याचा विक्रम कोणत्याही पुस्तकात नोंदला जाणार नाही. तरीही अमरावती आणि अकोल्याने आता तोच मनावर घ्यावा.