मुलाची गोळी अर्धी करू नका

घरात एखाद्या लेकराला क्षयरोगाचे औषध सुरू झाले की दादी-नानींच्या तोंडी हमखास येते, "इतकुसं लेकरू, एवढी कडक दवा कशी सोसेल?" मग चार गोळ्यांच्या दोन होतात, नाहीतर अब्बांच्या गोळीचा तुकडा मुलाला दिला जातो. यामागे माया असते, पण हिशेब चुकतो.

आम्ही शिक्षक मंडळी, म्हणून हिशेबच मांडतो. 50 किलो वजनाच्या माणसाला सुरुवातीला रोज 4 गोळ्या देतात. त्यांत आयसोनियाझिड 300 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे 6. 10 किलोच्या मुलाला मुलांच्या 2 गोळ्या. त्यांत 100 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे 10! त्रैराशिकाने 60 च यायला हवे होते.

मुलांचे यकृत शरीराच्या मानाने मोठे असते. ते औषधाचा निचरा लवकर करते. पूर्वी मुलांनाही मोठ्यांच्याच प्रमाणात औषध देत. रक्त तपासले तेव्हा त्यांच्यात औषधाची पातळी मोठ्यांपेक्षा कमी निघाली. म्हणून 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आयसोनियाझिड किलोमागे 5 वरून 10 आणि रिफाम्पिसिन 10 वरून 15 मिलिग्रॅम केले. कमी औषधाने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात.

रक्तातील पातळी मोजायची सोय चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत कुठून असणार? तिथे वजनकाटाच कामी येतो. दर महिन्याला मुलाचे वजन करून घ्या. 11 चे 12 किलो झाले की गोळ्या 2 च्या 3 होतात; आशाताईंना किंवा डॉक्टरांना ते सांगा. मोठ्यांची गोळी तोडून देऊ नका, तिच्यातील औषधांचे प्रमाण वेगळे असते. मुलांची गोळी पाण्यात विरघळते. लघवी केशरी झाली तर घाबरू नका, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठा.

आणखी एक. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. नदीनाल्यांपलीकडे राहणाऱ्या बहिणींनी पावसाळ्याआधीच पुढची औषधे मागून ठेवावीत. एकही दिवस खाडा नको.